आईच्या पोटावरचा काळानिळा डाग : किंक्रांत ते पाडवा

१५ जानेवारी २०२५, बुधवार. संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत. सकाळी साडेसातच्या सुमारास आईने आतल्या खोलीतून हाक मारली, "अगं, निऱ्या खोचून दे की जरा. वाकवत नाही मला."

निऱ्या खोचायला परकराची नाडी जरा सैल केली आणि माझा हात तिथेच थांबला. बेंबीच्या खाली उजव्या बाजूला पसाभर काळानिळा डाग. मधोमध पिकल्या जांभळासारखा काळपट, कडेला निळसर, आणि बेंबीखालून डावीकडे सरकलेला. नाडी जिथे आवळली जाते तिथे त्यातून एक फिकट रेघ गेली होती. हात लावला तर आत काहीतरी टणक लागलं, आणि आईने श्वास रोखून धरला.

"कुठे पडलीस का?"
"नाही गं. खोकून खोकून दुखतंय. काय होतंय त्याला."

मार नाही, पडणं नाही, ओट्याचा कोपराही लागलेला नाही आणि तरी पोटावर रक्त साकळलेलं. पुढचे दहा दिवस रुग्णालयात आणि त्यानंतरचे दोन महिने घरी काय काय झालं ते इथे लिहिते आहे. त्या सकाळी मी फोनवर शोधलं तेव्हा एकतर "बर्फ लावा" एवढंच सापडलं, नाहीतर नुसती भीती. मधलं कुणीच सांगितलेलं नव्हतं.

थोडं मागचं सांगायला हवं. आई आता ६६ वर्षांची आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. ते कळलं मात्र पन्नाशीत. २०११ मध्ये मायट्रल झडप काढून कृत्रिम, धातूची झडप बसवली. रात्री घर शांत झालं की तिच्या शेजारी झोपणाऱ्याला त्या झडपेची टिकटिक ऐकू येते. माझी मुलगी लहान असताना त्याच आवाजावर झोपायची. अशी झडप असली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, नाहीतर झडपेवर गुठळी धरते. ती गुठळी झडप अडकवते किंवा मेंदूकडे जाते. आई असेनोकुमारॉल घेते, एक दिवस २ मिलिग्रॅम, एक दिवस १, रोज संध्याकाळी सात वाजता. रक्त किती पातळ आहे ते आयएनआर या तपासणीवरून कळतं. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आकडा साधारण १ असतो. आईच्या फाइलवर २.५ ते ३.५ असं लाल शाईत लिहिलेलं आहे.

ही तपासणी महिन्याला करायची असते. २७ नोव्हेंबरला आकडा २.९ होता. डिसेंबरात मामेभावाचं लग्न होतं, त्या धावपळीत तपासणी राहिली. ती चूक माझी, कारण वहीत तारखा मी लिहिते.

जानेवारीच्या ५ तारखेपासून आईला खोकला सुरू झाला. आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते, म्हणून ८ तारखेला ती शेजारणीबरोबर दुसऱ्या दवाखान्यात गेली. तिथे छाती तपासून सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलं, क्लॅरिथ्रोमायसिन, दिवसातून दोनदा. अंग दुखतंय म्हणाली तर वेदनाशामक गोळीही दिली. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, असं तिथे कुणी विचारलं नाही. आईनेही सांगितलं नाही, कारण तिच्या लेखी ती गोळी हृदयाची आणि हा खोकला छातीचा. फाइल घरी कपाटात होती.

१३ तारखेला भोगी. आई बाजरीची भाकरी थापत होती. खोकल्याची मोठी उबळ आली आणि पोटात उजव्या बाजूला "कट्टदिशी काहीतरी तुटल्यागत" झालं. हे शब्द तिचेच, आणि पुढे प्रत्येक डॉक्टरने ते जसेच्या तसे लिहून घेतले. आम्हाला वाटलं स्नायू भरला. मी बाम चोळला, गरम पाण्याची पिशवी शेकायला दिली. आता कळतं की रक्तस्राव होत असलेल्या जागी शेकणं आणि चोळणं हे सगळ्यात वाईट. १४ला तिळगूळ वाटायला बायका आल्या, आई खुर्चीवर बसून होती. लघवीला सारखी जात होती, ते थंडीमुळे असेल असं आम्ही धरून चाललो.

आणि मग १५ची सकाळ.

आई म्हणाली, "आज किंक्रांत. आज नवं काही सुरू करू नये, उद्या जाऊ." मी रजेचा फोन केला, फाइल काढली, गोळ्यांची अख्खी पिशवी घेतली, नुकत्याच संपलेल्या अँटिबायोटिकचं रिकामं पाकीटसुद्धा, आणि आमच्या डॉक्टरांकडे तासगावातच गेलो. ते परत आले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत नऊ वाजले होते.

त्यांनी डाग बघितला आणि मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा." मला कळेना. पाच मिनिटांनी आत बोलावलं. नंतर आईने सांगितलं, ते विचारत होते, "काकू, घरात कुणी हात उचलतं का? मला सांगा, बाहेर जाणार नाही." क्षणभर मला लागलं. पण त्यावर विचार केला तेव्हा पटलं. पोटावरचा डाग साडीखाली झाकला जातो, आणि तसा मार खाणाऱ्या बायका आपणहून बोलत नाहीत. हा प्रश्न प्रत्येकीला एकटीला विचारलाच पाहिजे.

मग इतर प्रश्न. पोटात इंजेक्शन घेता का? इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनची इंजेक्शनं पोटावर घेणाऱ्यांना तिथे छोटे छोटे निळे डाग पडतात, ते बहुतेक निरुपद्रवी असतात. हिरड्यांतून, नाकातून रक्त? शी डांबरासारखी काळी? लघवी लाल? दंडावर, पायांवर आणखी कुठे डाग? ताप किती दिवस होता? हे शेवटचं डेंगीसाठी, कारण त्यात प्लेटलेट उतरतात. दारू, कावीळ, यकृताचा जुना आजार? यकृत खराब झालं की रक्त गोठवणारे घटकच कमी तयार होतात. एकेका प्रश्नाला आई "नाही" म्हणत होती आणि ते कागदावर एकेक कारण खोडत होते.

मग त्यांनी आईला उताणी झोपवलं, दुखऱ्या गोळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "काकू, हात न टेकता नुसतं डोकं उचला." आई कळवळली. ते म्हणाले, दुखणं पोटाच्या आतल्या अवयवाचं असेल तर पोटाचा स्नायू ताठ झाल्यावर तो ढालीसारखा मध्ये येतो आणि दुखणं कमी होतं. वाढलं तर दुखणं पोटाच्या भिंतीतलंच. या साध्या परीक्षेला कार्नेट टेस्ट म्हणतात, एका सर्जनने ती १९२६ मध्ये सांगितलेली. दोन मिनिटांचं काम, एक पैसा खर्च नाही, आणि निदानाचं तोंड तिथेच वळलं.

अँटिबायोटिकचं पाकीट बघितल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नाडी १०४, रक्तदाब १००/६०. "घरी जाऊ नका. इथून थेट मिरज. संध्याकाळची गोळी आजच्या दिवस देऊ नका, पण पुढे बंद-चालू तिथले डॉक्टर सांगतील तसंच. स्वतःच्या मनाने नाही." चिठ्ठीत त्यांनी झडप, गोळी, डोस, शेवटचा आयएनआर, अँटिबायोटिक सुरू केल्याची तारीख, सगळं लिहिलं. त्या चिठ्ठीने पुढे किमान दोन तास वाचवले.

मिरजेला कॅज्युअल्टीत आम्ही पावणेअकराला पोचलो. केसपेपर करताना रांगेत उभी राहिले नाही, सरळ काचेतून सांगितलं, "धातूची झडप आहे, रक्त पातळ करायची गोळी आहे, पोटात रक्तस्राव असावा." सिस्टर लगेच उठून आल्या. नुसतं "पोटात दुखतंय" म्हटलं असतं तर बाकावर बसून राहिलो असतो. दोन हातांना दोन सलाइनच्या सुया लावल्या. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पीटी-आयएनआर, यकृत, किडनी, लायपेज आणि रक्तगटासाठी रक्त घेतलं. पावती २,३५० रुपयांची.

लायपेज कशाला, असं मी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या आईचा डाग पेनने आखून घेत होत्या, कडेकडेने बॉलपेनची रेघ आणि शेजारी वेळ : ११.२०. डाग वाढतोय का हे त्या रेघेवरून कळतं. काम करता करताच त्यांनी समजावलं. लायपेज ही स्वादुपिंडाची तपासणी. स्वादुपिंडाला जोराची सूज आली आणि तिथे रक्त साकळलं, तर ते मागून झिरपत कमरेच्या बाजूंना नाहीतर बेंबीभोवती निळं होऊन दिसतं. बेंबीभोवतीच्या निळेपणाला कलेनची खूण म्हणतात. थॉमस कलेन या स्त्रीरोगतज्ज्ञाने ती १९१८ मध्ये नोंदवली, तीही गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटलेल्या एका बाईच्या पोटावर. कमरेच्या बाजूच्या डागाला ग्रे टर्नर या इंग्लिश सर्जनचं नाव आहे. "म्हणून तरुण मुलगी असा डाग घेऊन आली तर आम्ही आधी पाळी चुकली का ते विचारतो. म्हातारा माणूस पाठीत कळ येऊन आला तर पोटातली मोठी धमनी फुगून फुटली नाही ना ते बघतो." आणि आमच्या भागातलं आणखी एक कारण : घोणस चावली की तिच्या विषाने रक्त गोठायचंच थांबतं, मग अंगावर कुठेही असे डाग येतात. पावसाळ्यात द्राक्षबागेत काम करणारी माणसं तशी येतात, म्हणाल्या.

तासाभरात रिपोर्ट आले. प्लेटलेट ठीक, यकृत ठीक, लायपेज ठीक. हिमोग्लोबिन ८.१. नोव्हेंबरात ते ११.६ होतं. आणि आयएनआर ७.४.

सात. मी चौदा वर्षं या आकड्याची वही लिहिते आहे. ४.५च्या वर मी कधी काही लिहिलेलं नव्हतं.

फिजिशियननी समजावलं ते असं. आपल्या गोळीचा निचरा यकृतात होतो, आणि क्लॅरिथ्रोमायसिन तो निचरा मंदावतं. गोळी तेवढीच, पण अंगात साठत जाते. अँटिबायोटिकने आतड्यातले जिवाणूही मरतात, त्यातले काही व्हिटॅमिन के बनवतात. त्यात आजारपणात जेवण तुटलेलं, म्हणजे पालेभाजीतून मिळणारं व्हिटॅमिन केही कमी. आईने आठवडाभर पेज आणि चहा यावरच काढला होता. तिन्ही गोष्टींनी आकडा एकाच दिशेला ढकलला. वेदनाशामक गोळीने प्लेटलेटचं काम आणखी ढिलं केलं. आणि मग ती उबळ.

पोटाच्या समोर बेंबीच्या दोन्ही अंगांना बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत दोन लांब पट्ट्यांसारखे स्नायू असतात. त्यांच्या मागून एक धमनी वर चढते. जोरात खोकलं की स्नायू आखडतो, धमनी ताणली जाते, कधी तिची फांदी तुटते. रक्त पातळ नसेल तर ती गोठून बंद होते, तुम्हाला कळतही नाही. रक्त पातळ असेल तर स्नायूच्या खोळीत साठत राहतं. बेंबीच्या खाली काही बोटांवर त्या खोळीचा मागचा पडदा संपतो, त्यामुळे रक्ताला खाली मूत्राशयापर्यंत वाट मिळते. म्हणून लघवीची ती घाई. आणि रक्त खोलवरून कातडीपर्यंत झिरपायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून भोगीला कळ आली आणि डाग दिसला किंक्रांतीला. या दुखण्याचं नाव रेक्टस शीथ हिमॅटोमा. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स, हर्निया, बीजकोशाची गाठ असं समजून याची पोटं उघडली गेलेली आहेत.

दुपारी दीडला सिटी स्कॅन. शिरेतून औषध घालून करायचा असल्याने किडनीचा रिपोर्ट आधी लागतो, तो आलेला असल्याने थांबावं लागलं नाही. संमतीपत्रावर सही माझी. ६,८०० रुपये. गोळा ११ बाय ६ बाय ५ सेंटिमीटर, आणि त्यात एका जागी औषधाचा बारीक ठिपका, म्हणजे अजून थोडी गळती चालू.

यानंतरचं अवघड आहे सांगायला, कारण त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की आई दोन्हीकडून कड्यावर उभी आहे. रक्त गोठायला मदत केली नाही तर पोटात वाहत राहणार. जास्त मदत केली तर झडपेवर गुठळी. डॉक्टरांनी ते माझ्यापासून लपवलं नाही. व्हिटॅमिन के अगदी थोडं दिलं, १ मिलिग्रॅम, सलाइनमधून सावकाश. जास्त दिलं तर आकडा खाली जाऊन आठवडाभर वर येत नाही, आणि त्या काळात झडपेला गुठळीपासून संरक्षण राहत नाही. त्याबरोबर प्लाझ्माच्या, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या रक्तातल्या पाण्याच्या, चार पिशव्या, कारण त्यात गोठवणारे घटक तयारच असतात. दादा पुण्याहून निघाला होता, पण रक्तपेढीत जायला आत्ता मीच होते.

रक्तपेढीची गोष्ट नीट सांगते, कारण तिथे सगळेच गोंधळतात. वॉर्डमधून डॉक्टरांच्या सहीचा मागणी अर्ज आणि रुग्णाच्या रक्ताची बाटली लागते. बाटलीवरचं नाव, नोंदणी क्रमांक आणि अर्जावरचं अक्षर अन् अक्षर जुळायला हवं. आमच्या बाटलीवर आईचं माहेरचं नाव पडलं होतं, परत पाठवलं, वीस मिनिटं गेली. तेव्हा चिडले होते. पण चुकीची पिशवी चढली तर माणूस जातो, ते तपासणारच. प्लाझ्मा गोठवलेला असतो, ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायला अर्धा तास लागतो. त्याला क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचं आणि पिशवीतलं रक्त एकमेकांना चालतं का ते तपासणं, लागत नाही, नुसता गट जुळवतात. तांबड्या रक्ताच्या पिशवीला मात्र क्रॉसमॅच लागतं, त्याला आणखी पाऊण तास. म्हणून दोन्हींचा अर्ज एकदमच द्यायचा. प्लाझ्माची पिशवी ४०० रुपये, तांबड्या पेशींची १,५५०. बदली रक्तदाता आणा असं तिथल्या कुणी म्हटलं नाही. दादाने नंतर आपणहून रक्त दिलं. कुठल्या रक्तपेढीत किती साठा आहे ते ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर दिसतं, आमच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाने त्यावरूनच ओ निगेटिव्ह शोधलं.

प्लाझ्मासुद्धा भराभर चढवता येत नाही. हृदयाच्या रुग्णाला एकदम पाणी भरलं तर फुप्फुसात उतरतं, म्हणून मध्ये लघवीचं इंजेक्शन, आणि आईला अर्धं बसतं ठेवलेलं. पहिली पिशवी लागली तेव्हा संध्याकाळचे साडेचार झाले होते.

दर सहा तासांनी हिमोग्लोबिन. रात्री साडेनऊला ७.२. एक पिशवी रक्त लावलं. डॉक्टरांनी मला आणि दादाला बोलावून सांगितलं की उतरतच राहिलं तर मांडीतल्या धमनीतून बारीक नळी घालून ती गळती आतून बुजवावी लागेल. खर्च सव्वा लाखाच्या आसपास, त्यासाठीचे डॉक्टर सांगलीहून बोलवायला तयार. पोट उघडून शस्त्रक्रिया शक्यतो करत नाहीत, कारण साठलेल्या रक्ताचा जो दाब त्या धमनीला बाहेरून दाबून बंद करत असतो तोच उघडल्यावर निघून जातो. आम्ही संमतीच्या कागदावर सही करून ठेवली.

अतिदक्षता विभागाच्या बाहेर लोखंडी खुर्च्या. एक आजोबा चादर पांघरून जमिनीवर झोपलेले. रात्री अडीचला सिस्टरनी मला आत घेतलं, "काकू तुमचं नाव घेतायत." आई जागी होती. मी तिच्या छातीजवळ कान नेला. यंत्रांच्या पिपिपीत टिकटिक ऐकू येत नव्हती, मग हात ठेवला. बोटांना लागली. पोटावरची सकाळची निळी रेघ अजून होती. डाग तिच्या बाहेर अर्धं बोट गेला होता, पण मध्यरात्रीच्या दुसऱ्या रेघेच्या आतच होता.

१६ला पहाटे साडेतीनला हिमोग्लोबिन ८.३, सकाळी साडेनऊला ८.२. आयएनआर २.१. नळीची गरज पडली नाही. दादा जिन्यात जाऊन रडला.

१८ला, रक्तस्राव थांबल्याचे अठ्ठेचाळीस तास मोजून, हेपारिन सुरू केलं, शिरेतून, पंपावर. कारण ते काही बिनसलं तर लगेच बंद करता येतं आणि उताराही आहे. १९ला गोळी, १ मिलिग्रॅम. हे दिवस मला सगळ्यात जड गेले. पहिल्या रात्री काय करायचं ते तरी समोर होतं. आता जिने हे घडवलं तीच गोळी पुन्हा तिच्या तोंडात घालायची होती. मी डॉक्टरांना विचारलं, हल्ली आयएनआर न बघता घ्यायच्या नव्या गोळ्या आहेत ना? ते म्हणाले, धातूच्या झडपेला चालत नाहीत. त्यातल्या डॅबिगॅट्रॅन या गोळीचा तसा अभ्यास केला होता, त्यात गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून तो मध्येच थांबवावा लागला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तेव्हा आईला हीच गोळी, आणि हीच वही.

याच दिवसांत डाग खाली उतरायला लागला. आधी जांघेत, मग मांडीवर. मी घाबरून सिस्टरना ओढून आणलं. नवा रक्तस्राव नव्हता, आधीचंच रक्त जमिनीच्या ओढीने खाली येत होतं. रंग बदलत गेले, कडेने हिरवट, मग पिवळे. रक्तातला लाल रंग शरीर मोडतं तेव्हा आधी हिरवं द्रव्य तयार होतं आणि मग पिवळं, कावीळमध्ये दिसतं तेच पिवळं. आई रोज सकाळी विचारायची, "आज कुठला रंग आलाय?"

आता पैशांचं. हे रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीत नव्हतं. वेळ असेल तर ते आधी विचारावं. जुलै २०२४पासून ती योजना महाराष्ट्रातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांसाठी आहे, ५ लाखांपर्यंत, आणि यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं, आईला अजून चार वर्षं आहेत. आमच्याकडे माझ्या नोकरीची सामूहिक विमा पॉलिसी होती. पहिल्या दिवशी ५०,००० मंजूर झाले. मग प्रश्न आला, झडपेचा आजार पॉलिसीच्या आधीचा, तो लपवला होता का? २०११चं डिस्चार्ज कार्ड आणि पॉलिसीत आधीचे आजार धरलेले असल्याचं ऑफिसचं पत्र, दोन्ही दादाने स्कॅन करून पाठवली. २५ जानेवारीला, शनिवारी सकाळी दहाला घरी सोडायचं ठरलं, आणि अंतिम मंजुरी आली संध्याकाळी सव्वाचारला. विमा नियामकाच्या मे २०२४च्या परिपत्रकात ही मंजुरी तीन तासांत द्यायची मुदत घातलेली आहे. मी दीड वाजता त्याचा उल्लेख करून लेखी मेल केला, त्यानंतर हालचाल झाली. म्हणून तोंडी फोन करत बसू नका, मेल करा. एकूण बिल १,६३,४००, विम्याने दिले १,४१,२००. उरलेले हातमोजे, सिरिंज, डायपर अशा गोष्टींचे. त्याशिवाय गाडी, डबे, बाहेरची औषधं धरून नऊएक हजार.

घरी येताना आकडा २.७ होता. २८ जानेवारीला परत तपासणी, मग दर आठवड्याला. एका तपासणीला ३५० रुपये, एकाच प्रयोगशाळेत, कारण दोन ठिकाणच्या आकड्यात फरक पडू शकतो. उपाशी जावं लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गोळी संध्याकाळी घ्यायची पद्धत पडली आहे ती याच्यासाठीच की सकाळी रक्त दिलं, दुपारी आकडा आला, तर त्याच दिवशीचा डोस बदलता येतो.

पालेभाजी बंद करू नका, असं आहारतज्ज्ञ बाईंनी दोनदा बजावलं. शेजारपाजारी सगळे "मेथी नको, पालक नको" सांगत होते. बंद करायची नाही, दर आठवड्याला साधारण तेवढीच ठेवायची. आमच्याकडे आता मंगळवारी आणि शुक्रवारी, एक वाटी. दंडावर-कमरेवर स्नायूतलं इंजेक्शन घ्यायचं नाही. दुखलं तर पॅरासिटॅमॉल, तेही विचारून. आणि कुठलंही नवं औषध, अँटिबायोटिक, बुरशीची गोळी, काढा किंवा आयुर्वेदिक चूर्णसुद्धा सुरू झालं तर तीन ते पाच दिवसांत आयएनआर. ही एक तपासणी ११ जानेवारीला झाली असती तर भोगीची भाकरी आईने पुरी थापली असती. असं मी मनात किती वेळा म्हटलंय.

मुलीने पोस्टकार्डाच्या जाड कागदावर कार्ड केलं. "माझ्या हृदयात धातूची झडप आहे. मी रक्त पातळ करायची गोळी घेते", खाली गोळीचं नाव, रक्तगट, माझा आणि दादाचा फोन. लॅमिनेट करून आईच्या बटव्यात. आई आधी म्हणाली, "गळ्यात पाटी बांधता का माझ्या." पण फेब्रुवारीत दाताच्या डॉक्टरांकडे गेलो, तर खुर्चीवर बसण्याआधी तिनेच बटवा उघडला.

ज्या दवाखान्यातून ते अँटिबायोटिक मिळालं तिथे मी मार्चमध्ये गेले. भांडायला नव्हते गेले. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पूर्ण वाचली, दोनदा. मग म्हणाले, "मी विचारायला हवं होतं." आता तिथे केसपेपरवर एक रकाना वाढलाय, चालू औषधं. नंबर लावणारी मुलगीच तो भरून घेते.

गोळा विरायला वेळ लागला. ८ मार्चच्या सोनोग्राफीत ६ सेंटिमीटर, २८ मार्चला ३. दर वेळी ९०० रुपये. हिमोग्लोबिन ११ला पोचलं. खोकला आला की आई आता पोटाशी उशी धरून खोकते, फिजिओथेरपिस्टनी शिकवलं तसं.

३० मार्चला पाडवा. सकाळी मी गुढीला साखरेची माळ बांधत होते, आईला हाक मारायला आत गेले तर ती आरशासमोर उभी होती. परकराची नाडी नेहमीच्या जागी आवळलेली, निऱ्या हातात. तिने एकेक निरी जुळवली, पोट आत घेतलं आणि खोचली. त्या जागी आता चहा सांडून वाळल्यासारखा फिकट तपकिरी डाग होता, फक्त मला माहीत म्हणून दिसणारा.

"बघतेस काय," ती म्हणाली, "कडुलिंब आणलास का?"

आयएनआर २.८. पुढची तारीख ९ एप्रिल.